छताखालच्या दोन सांध्यांसाठी केलेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा वेल्डिंग, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलाला तसे वाटत नसेल, म्हणून खाली डॉक्टरांची सही घेतली आहे. अक्षर माझे. शुद्धलेखन गॅरेजच्या पेंटरने तपासले. त्याने शब्द बदललेले नाहीत, दोन ठिकाणी तोंड वाकडे केले तेवढेच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, पण फाडू नये. का ते शेवटी येईल.

१. गॅरेज आणि मागची खोली मुलाला. रॅलीच्या गाड्या तो बऱ्या बनवतो, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. त्याची गाडी टेकाडावरून उडाली तरी नाकावर पडत नाही, चारही चाकांवर उतरते. इंजिन खाली आणि मागे सरकवून वजन मधोमध आणणे त्यालाच जमते. मात्र छताखालचा सांधा अर्धवट ठेवलेली एक जरी गाडी फाटकाबाहेर गेली, तर गॅरेज सुनेचे.

२. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलाला दिली तर तो तिचा गिअरबॉक्स करून टाकेल.

३. पाइप वाकवायचे मशीन माझ्या दिराला. त्याला ते वापरता येणार नाही, हे मला माहीत आहे. त्याची मान उजवीकडे वळत नाही. माझ्या नवऱ्याने बनवलेल्या पहिल्या गाडीत तो बसला होता. गाडी उलटली, आणि आतल्या माणसांना वाचवायला घातलेला नळ्यांचा पिंजरा छतापाशी उघडला. वरच्या सांध्याला पाइपाच्या तीनच बाजूंनी वेल्डिंग होते. छताच्या पत्र्याला चिकटलेल्या चौथ्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही, म्हणून नवऱ्याने ती सोडून दिली होती. दिराने त्याला एका शब्दाने कधी विचारले नाही. मी मात्र त्याच आठवड्यात वेल्डिंग शिकायला बसले.

तेव्हापासून आमच्या गॅरेजची रीत अशी: आधी गाडीच्या तळाला पिंजऱ्याच्या पायांखाली भोके पाडायची, पिंजरा त्यातून खाली सोडायचा, वरचे सांधे गोल फिरून पूर्ण करायचे, मग पिंजरा उचलून पाय बसवायचे. दोन दिवस जास्त लागतात. पंचेचाळीस वर्षांत मी ते दोन दिवस कोणाला सोडले नाहीत.

४. दातांच्या डॉक्टरकडून आणलेला माझा लांब दांड्याचा आरसा गाड्या तपासायला येणाऱ्या साहेबांना. मी त्यांना म्हटले, सांध्यावर बोट फिरवून बघा. ते म्हणाले, कागद बरोबर आहेत. आरसा घ्या साहेब, कागदाच्या मागे काय आहे तेही दिसते.

५. आता मुख्य गोष्ट. रविवारच्या रॅलीला निघालेल्या गाडीत माझी नात वाट सांगायला बसणार आहे. गेल्या सोमवारी मी छताखाली नख लावले, तर नखात पुट्टी आली. दोन्ही बाजूंना. मुलाने आधी पाय बसवले, तळ रंगवला, मग त्याला वरचे सांधे आठवले. पेंटरला सांगून पुट्टी भरून घेतली. पेंटरने माझ्यासमोर कबूल केले. मुलगा म्हणाला, "आई, तीन बाजूंनी पुरेसं आहे, मी हिशोब केलाय. आता सगळं उचकटलं तर रविवार गेला." मी म्हटले, हे वाक्य मी तुझ्या बापाच्या तोंडून ऐकलेले आहे. तो दार आपटून गेला.

नातीला सांगितले, तर ती हसली. "आजी, बाबांनी कॉम्प्युटरवर ही गाडी चाळीस वेळा उलटवून पाहिलीय."

"कॉम्प्युटरातल्या सांध्यात पुट्टी नाहीये, बाई," मी म्हटले. तिने माझा गाल ओढला आणि गेली. चौथी शिकलेल्या बाईचा एवढाच मान असतो.

गावातले दुसरे वेल्डर मालकाच्या परवानगीशिवाय हात लावत नाहीत. मालक मुलगा.

६. म्हणून परवा गुरुवारी सकाळी आठला काम मी स्वतः करणार आहे. पाय कापायचे, तळ फोडायचा, पिंजरा खाली घ्यायचा. पेंटर जॅक धरेल; पुट्टी त्याने भरली, खरवडेलही तोच. माझ्या छातीत हृदयाचे ठोके चालवणारी डबी बसवलेली आहे. वेल्डिंगचा करंट जवळ आला तर ती गोंधळेल, असे डॉक्टर तीन वेळा म्हणाले. मी तिन्ही वेळा ऐकले. माझे काही झाले तर त्यात पेंटरचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही. मुलाचा आहे की नाही ते त्याने ठरवावे. मी मेल्यावर रडत बसू नये, आधी उरलेला सांधा पूर्ण करावा.

७. वेल्डिंगचा मुखवटा नातीला. काच नवी आहे. वाट सांगायला बसतेस ना, मग आधी डोके वर करून छताकडे बघायला शिक.

८. हा कागद कपाटात जाणार नाही. गाडीच्या स्टेअरिंगला तारेने बांधून ठेवते आहे. मुलगा सकाळी पहिला हात तिथेच लावतो. गुरुवारी आठच्या आत तळाला सहा भोके आणि पिंजरा खाली उतरलेला दिसला, तर हा कागद फाडावा आणि जुने मृत्युपत्र चालू धरावे. मग मी स्टुलावर बसून आरसा धरेन, वेल्डिंग त्याने करावे. चुकला तर बोलणार.

ठिकाण: गॅरेजच्या मागची खोली
तारीख: १० मार्च, मंगळवार
सही: (आजी)

साक्षीदार १: पेंटर. वरचे सर्व खरे आहे. पुट्टी मीच भरली.

साक्षीदार २: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. वेल्डिंगला माझी परवानगी नाही. गुरुवारी पावणेआठला मी बॅग घेऊन फाटकाशी उभा असेन.