लवाशची माहिती विकू नका

आदरणीय आर्पिनेवहिनी,

फ्रेस्नोहून सिरानुशचा सप्रेम नमस्कार. तुमचा रक्तदाब कसा आहे? ग्लेंडेलची हवा दादाला मानवतेय ना? मी बरी आहे, म्हणजे जिवंत आहे. जीव मात्र मुठीत धरून बसले आहे.

कारण लवाश. (आपल्या लवाश रोटीसारखी पातळ पसरून झोपते, म्हणून हे नाव.) अंगणात उपाशी पडलेलं हे मांजर मी घरात घेतलं. वरच्या मजल्यावर घरमालक लिंडक्विस्ट. त्यांची अट स्वच्छ आहे, जनावर दिसलं की घर सोडा. या वयात मी जाऊ कुठे? म्हणून लवाशला म्याऊसुद्धा करू देत नव्हते. पण तिच्या खाण्याच्या डब्यांवर सवलत मिळेल म्हणून दुकानात नाव-पत्ता दिला, आणि मेल्यांनी तो विकला! मांजरांचा विमा, मांजरांचे दात, मांजरांची अंत्यविधी-योजना, सगळी जाहिरातपत्रं माझ्या नि लिंडक्विस्टच्या एकाच टपालपेटीत. पोस्टमनची गाडी थांबली की त्यांच्या आधी पेटी गाठायला मी झोपायच्या झग्यातच धावायची.

शेवटी शेजारची नाझेली म्हणाली, "मावशी, घाबरता काय! कॅलिफोर्नियात कायदा आहे. माहिती विकू नका म्हणायचं, त्यांना ऐकावंच लागतं." मी न्हाणीघरात दडून दुकानाला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणे, "आजी, जरा मोठ्याने." मग ओरडलेच, "माझी माहिती विकू नका!" वरची खिडकी उघडी. जिन्यावर पावलं. दारावर थाप. लवाशला कपड्यांच्या मशीनमध्ये बसवून (बंद होतं हो) मी दार उघडलं.

"सिरानुशबाई," लिंडक्विस्ट कुजबुजले, "कसली माहिती?"

"गुडघ्यांची," मी म्हणाले.

तर ते रडवेले झाले. "मला मोठ्या माणसांच्या लंगोटांच्या जाहिराती येतात हो. तुम्ही रोज पेटीकडे धावता, वाटायचं, वाचून हसत असाल. लाजेने घर विकून जायच्या विचारात होतो. मलाही तसं बोलायला शिकवा ना!"

एवढा दरारा असलेला माणूस, वहिनी, आणि माझ्याहून जास्त भ्यालेला!

तुमची भेदरलेली नणंद,
सिरानुश

ता. क. रविवारी लिंडक्विस्ट तसाच फोन करायला माझ्याकडे कॉफीला येणार आहेत. आठवडाभर लवाशला ठेवून घ्याल का? नाझेली गाडीने आणून सोडेल.

आणखी ता. क. दुकानाने शब्द पाळला, विकणं थांबवलं. पण स्वतःजवळची माहिती स्वतः वापरायला त्यांना मुभा आहे म्हणे. आजच त्यांचं पत्र आलं, 'हल्ली डबे दुप्पट घेता, म्हणून पिल्लांच्या दुधावर खास सवलत'. वाचलं आणि लवाशचं पोट चाचपलं. वहिनी, आठवड्याऐवजी दोन महिने धरा.