घरचे तीन तारे

ताईंना धाकट्या भावजयीचा नमस्कार. वाकून केलाय असंच समजा, कारण पत्र स्कूटरच्या सीटवर वही ठेवून लिहितेय. तुमची पाठ कशी आहे? शेक घेताय ना? (घेत नसणार, तुम्ही फक्त इतरांना सांगता.) इकडे तुमचे भाऊ ठणठणीत आणि मी कामावर.

हो, कानावर आलं ते खरं आहे. त्रेपन्नाव्या वर्षी मी ॲपवरून आलेलं सामान लोकांच्या दारात पोचवते. शेजारणीला वाटतं, पेन्शन अडकली. तुमच्या भाच्याला वाटलं, आमचं भांडण झालं. डॉक्टरांना वाटतं, मी वजन उतरवतेय. मी सगळ्यांना हो म्हणते, उगाच कोणाचा हिरमोड कशाला. खरं कारण फक्त तुम्हाला सांगते. त्या ॲपमध्ये एक बटण आहे. दाबलं की काम सुरू, परत दाबलं की बंद. ताई, एकतीस वर्षं त्या घरात मी बंद करायचं बटण शोधलं, गॅस सोडून कशालाच नव्हतं. गोडाऊनबाहेर आम्ही ऑर्डरची वाट बघत उभे असतो, तिथे प्रत्येकाचं असंच काहीतरी निघतं. एकाला दुपारी घरी जाऊन तान्ह्या लेकीला झोपवायचं असतं. एका कॉलेजच्या मुलीला डोक्यावर साहेब नको होता. (आता फोन आहे, पण तो निदान टोमणे मारत नाही.) एक निवृत्त मास्तर तर म्हणतात, घरी कोणी वाट बघत नाही, इथे दाराशी बघतात. सगळे मला मावशी म्हणतात आणि जड पिशव्या उचलू लागतात. मला तिथे फार बरं वाटतं.

आता दुखणं सांगते. मी बाहेर पडले आणि तुमच्या भावाने ॲप उतरवून घेतलं. पहिल्या दिवशी मागवला एक साबण. ऑर्डर नेमकी माझ्याकडे आली. स्वतःच्याच घराची बेल वाजवली. यांनी दार उघडलं, पिशवीचं सील उजेडात धरून पाहिलं, मग चार आकडी कोड सांगितला आणि म्हणाले, तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात. ताई, मला अहोजाहो! लग्नात सुद्धा केलं नव्हतं. तेव्हापासून रोज काही ना काही. सेफ्टी पिना, एक लिंबू, मग दुसरं लिंबू. (एकदम दोन मागवता येतात, हे मी सांगून पाहिलं.) ऑर्डर दुसऱ्या कोणाकडे गेली तर त्या दिवशी गाल फुगलेले. घर खायला उठतं, एवढं साधं वाक्य त्या माणसाला म्हणता येत नाही, म्हणून लिंबू मागवतो. मला हे कळतं आणि खरं सांगू, आवडतंही.

पण प्रत्येक वेळी ते मला तीनच तारे देतात. जन्मभर कारखान्यात माल तपासला, पुरे गुण कशालाच दिले नाहीत. त्यांच्या लेखी तीन म्हणजे कौतुकच. ॲपला हे कोण सांगणार? सरासरी साडेचारच्या खाली राहिली की माझा आयडी बंद. माझी चार पूर्णांक चारवर आली आहे आणि शनिवारी तपासणी आहे. काम गेलं तर मी परत चोवीस तास त्या घरात सुरूच राहणार, हे मनात आलं की जीव घाबरा होतो.

तुमची,
भावजय

ता. क. : पाठीची चौकशी मनापासूनच होती. पण तुमच्या भावाला कोणी रागावलेलं चालत असेल तर ते तुम्हीच. जरा फोन करून पाच तारे द्यायला लावा.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार उलटला. बाकीच्या गिऱ्हाइकांनी भरभरून दिलं, बरोबर साडेचारवर आयडी वाचला. काल यांनी चार दिले. खाली शेरा लिहिलाय, 'माल ठीक. बाईंना दोन मिनिटं बसून पाणी प्यायला सांगावं.' तेव्हा ताई, फोन मुळीच करू नका. पाचवा तारा मी माझी मीच मिळवणार आहे.