सात नंबरची खाट

शनिवार, २१ नोव्हेंबर
हॉस्टेल, दुपार

प्रिय वहिनी,

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, "आवाज असा का येतोय?" आणि मी दोनदा म्हटलं, रेंज नाही. रेंज चांगली होती. म्हणून आज लिहायला बसले. घरी सगळे बरे असतील. आईचा गुडघा आणि दादाचा राग, दोन्ही आटोक्यात असोत. बाळाला माझा पापा.

माझं ठीक चाललंय. संध्याकाळी पाय एवढे सुजतात की बुटांतून निघत नाहीत. वॉर्डात आम्हाला नाव नसतं. "ए शिकाऊ" अशी हाक आली की आम्ही चौघी एकदम वळतो आणि चौघींनाही बोलणी बसतात. शिकवायला ट्यूटर एक आणि आम्ही तीस. त्या एका वॉर्डात असतात तेव्हा आम्ही दुसऱ्या. स्टाफ सिस्टर मनाने वाईट नाहीत, पण एकेकीच्या वाट्याला इतके पेशंट की आम्हाला शिकवत बसल्या तर कुणाचं तरी औषध राहायचं. मग आम्ही पडेल ते करतो. चादरी बदलतो, बेडपॅन उचलतो, रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबपर्यंत पळतो.

कॉलेजातल्या बाहुलीला सुई टोचणं निराळं. बाहुली हात मागे घेत नाही, "आधी कितीजणांना टोचलंयस?" असंही विचारत नाही. पहिल्या महिन्यात सलाईन लावताना एका आजोबांची शीर फुटली आणि त्यांच्याआधी मीच भोवळ येऊन खाली बसले. त्यांनीच मला पाणी दिलं. हे तुला सांगितलं नव्हतं.

सध्या मला चार दिवस सुट्टी आहे, त्यामुळे लिहायला वेळच वेळ. खोलीतल्या तिघीजणी ड्यूटीवर गेल्या की इथे इतकी सामसूम होते की नळ गळतो तेही ऐकू येतं.

वहिनी, ही सुट्टी नाही. मला वॉर्डात जायला बंदी केली आहे. मघापासून इकडचं तिकडचं लिहिते आहे ते त्यासाठीच. आता एका दमात लिहून टाकते.

सात नंबरच्या खाटेवर एक काका होते. सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेली. हृदयाचं दुखणं होतं, पण सुधारत होते, दोन-तीन दिवसांत घरी सोडणार होते. औषधांची ट्रॉली माझ्याकडून नेहमी वाकडी जाते. काका खाटेवरून हात दाखवून मला मागे घ्यायला लावायचे. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, बस्स." साऱ्या वॉर्डात माझ्या हातून इंजेक्शन घ्यायला तयार असलेला तो एकच माणूस. म्हणाले होते, "माझ्याही गाडीत पहिल्या दिवशी लोक जीव मुठीत धरूनच बसले होते."

गुरुवारी दुपारी मी त्यांचं ब्लडप्रेशर बघायला गेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, बाहेर नळावर फळं धुवायला गेल्या होत्या. मी क्षणभर पाठ वळवली असेल. परत वळले तर काकांची मान एका बाजूला पडलेली.

हाक मारली, गाल थोपटले. नाडी लागेना. मी ओरडले, काय ते आठवत नाही. स्टाफ सिस्टर धावत आल्या, त्यांनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? छाती दाब."

बाहुलीवर मला याचे वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. मी तळव्यावर तळवा ठेवला आणि दाबायला लागले. थोड्याच वेळात हाताखाली काहीतरी कट्‌कन मोडलं. बरगडी होती. असं होऊ शकतं हे पुस्तकात लिहिलेलं असतं. हाताला ते कसं लागतं, ते पुस्तकात नसतं. मी थांबले. तोवर डॉक्टर आले होते, ते म्हणाले, "थांबायचं नाही." म्हणून मी दाबत राहिले, त्याच जागेवर, आणि दर वेळी आत ते मोडलेलं टोक हललेलं मला कळत होतं. काकांचे डोळे अर्धे उघडे होते. मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत दाबत होते.

शेवटी डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "पुरे," म्हणाले. लगेच सगळे आपापल्या कामाला लागले. कुणी नळ्या काढत होतं, कुणी लिहीत होतं. मी हात तसेच पुढे धरून उभी. पडदा सरकला आणि काकू आत आल्या, ओल्या हातांत सफरचंदं घेऊन. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "काय झालं गं पोरी?"

आणि मी हसले.

ओठातल्या ओठात नाही, वहिनी. खो खो हसले. तोंडावर हात दाबला तर बोटांच्या फटींतून हसू बाहेर येत होतं. आतून मी गारठून गेले होते, मला हसायचं नव्हतं, आणि तोंड आपलं हसतच होतं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं आहे. काकूंच्या हातातली फळं खाली पडली. त्यांचा मुलगा मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "ही हसतेय." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आमच्या इन्चार्ज सिस्टरांना आम्ही पाठीमागे जेलर म्हणतो. त्यांनी मला दंडाला धरून चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. वाटलं, आता मुस्काटात बसणार. त्या म्हणाल्या, "हस. संपेपर्यंत हस." त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "तोंड धू. त्यांना स्वच्छ करायचंय. तू आणि मी."

"मला नाही जमणार."

"जमेल का, असं मी विचारलेलं नाही."

आम्ही दोघींनी काकांना पुसून काढलं. छातीच्या मधोमध लालसर डाग पडला होता, माझ्या तळव्याएवढा. जेलर कोमट पाण्यातून कपडा पिळून माझ्या हातात देत होत्या. "काय करतेयस ते त्यांना सांगत जा. आता हात उचलते, आता कुशीवर घेते. गेलेल्या माणसालाही सांगायचं असतं." मी सांगत होते.

काल मुलाची तक्रार आली. प्राचार्यबाईंनी बोलावून विचारलं, "असं कुणी हसतं का?" वहिनी, मी तरी स्वतःला दुसरं काय विचारत होते? सोमवारी चौकशी आहे. कोर्स राहतो की जातो, ते तेव्हा ठरेल. तुझा फोन येऊन गेल्यावर मी बॅग भरली. चौकशीची वाट न बघताच घरी यायचं, असं ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी काकू आल्या. मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी हॉस्पिटलात आल्या होत्या, तिथून विचारत विचारत हॉस्टेलपर्यंत पोचल्या. वॉचमन सांगायला आला तेव्हा मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. जिन्याखालच्या बाकावर आम्ही बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"ते नको. माफ केलं म्हणायला जीभ वळत नाही माझी. डोळा लागला की तुझं हसू ऐकू येतं. खोटं कशाला बोलू?"

"मी वेगळ्याच कामाला आलेय," त्या म्हणाल्या. "शेवटी त्यांच्याजवळ तू होतीस. काही बोलले का ते?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, काहीतरी चांगलं रचून सांगावं. तुमचं नाव घेतलं म्हणावं. पण या बाईच्या बाबतीत आधीच इतकं करून बसले होते, त्यावर आणखी खोटं बोलायचं धाडस झालं नाही.

"खिडकी लोटून घे म्हणाले. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाले."

"आणि?"

"आणि काही नाही, काकू. मी खिडकी लोटून वळले, तोवर..."

"खिडकी," म्हणाल्या. "उभा जन्म त्या माणसाने खिडकीवरून माझं डोकं खाल्लं. मी उघडायची, त्यांनी लावायची. त्या दिवशीही मीच उघडून गेले होते."

आणि त्यांना हसू फुटलं. मोठ्याने. जिना उतरणाऱ्या मुली जागीच थबकल्या. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण खांदे गदागदा हलत होते, आणि हातांच्या वर डोळे घाबरून विस्फारलेले होते. ते थांबवायचं असतं आणि थांबत नाही, हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकटीला ठाऊक होतं. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मग त्या रडल्या. बराच वेळ रडल्या. काका गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, असं नंतर म्हणाल्या.

उठताना त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. "तक्रार माझ्या मुलाची आहे. बाप गेलाय त्याचा, त्याला मी काही सांगणार नाही. पण सोमवारी मला कुणी विचारलं, तर आज इथे काय झालं ते सांगेन." एवढं बोलून गेल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुन्हा माफी मागितली नाही.

तर वहिनी, बॅग भरलेली आहे, पण मी येत नाही. सोमवारी व्हायचं ते होवो. ठेवून घेतलं, तर पुन्हा त्याच वॉर्डात जायचंय. सात नंबरवर आता दुसरं कुणीतरी असेल. त्याची छाती दाबायची वेळ आली तर माझे हात पुढे होतील की मागे, हे मला सांगता येत नाही. पुन्हा हसू आलं तर, ही भीती तर आहेच. मघाशी जेलर जेवणघरात भेटल्या, त्यांना हे बोलून दाखवलं. ताट उचलत म्हणाल्या, "मला पहिल्या वेळी उलटी झाली होती. पेशंटच्या अंगावर." आणि हात धुवायला निघून गेल्या.

सगळ्यांशी भांडून तू मला इथे पाठवलंस. पोरगी खंबीर आहे, असं दादाला सांगितलं होतंस. आता हे सगळं त्याला तूच सांग. आईला मी स्वतः सांगेन. सांगताना तो खंबीर शब्द तेवढा गाळ.

सोमवारपर्यंत तरी शिकाऊ सिस्टर असलेली,
तुझी नणंद