तांबडा, वय सहा, फिट

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण घरात कुत्रा आला आहे. हो, बरोबर वाचलंस, चष्मा पुसू नकोस. गेल्या शनिवारी जुन्या पुस्तकांची दोन खोकी द्यायला म्हणून बाहेर पडलो, वाटेत त्या टाकून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात डोकावलो, आणि खोकी तिथेच ठेवून कुत्रा घेऊन परतलो. पुस्तकं का ठेवलीस म्हणून विचारू नकोस, दोन्ही हातांत दोरी होती.

रंगाने तांबडा. एक कान उभा, एक कान झोपलेला. शेपटी नेमकी स्वल्पविरामासारखी, म्हणून नाव स्वल्प. पिंजऱ्यावरचं कार्ड मी चाळीस वर्षांच्या प्रूफरीडरच्या नजरेने तपासलं आणि तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवतो: नर. तांबडा. वय सहा. फिट. गोळी स. ८, सं. ८. एकही चूक नाही. माझ्यासारख्या गुडघेदुख्याला फिट सोबती मिळाला, आणखी काय हवं? तिथल्या डॉक्टरीणबाई बराच वेळ काही सांगत होत्या, पण तो झोपलेला कान बघता बघता मला चौथीच्या पुस्तकातली वाऱ्याची कविता आठवली. ती डाव्या पानावरची, वर वाकलेल्या झाडाचं चित्र असलेली. सबंध आठवेपर्यंत त्यांचं बोलणं संपलं होतं. गोळ्या ताकदीच्या असाव्यात. आठवतील तेव्हा देतो.

एक महिना वापरून बघायचा, नाही पटला तर परत द्यायचा, अशी अट आहे. बुटासारखी. सूनबाईला आशीर्वाद. लोभात खाडाखोड नसावी.

तुझा,
कानामात्रा


दि. ८ जून

चि. कानामात्रा,
अ. उ. आ.

पत्र आत्ता मिळालं आणि उभ्यानेच उत्तर लिहिते आहे. आधी उठ आणि त्याला गोळी दे. मग पुढचं वाच.

दिलीस? अरे, ती फिट म्हणजे तब्येतीने फिट नव्हे. फिट म्हणजे फिट येते ती. जनावर ठणठणीत असतं तर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळी कशाला लिहिली असती? जन्मभर लोकांच्या वेलांट्या पकडल्यास आणि तीन अक्षरी शब्दाला गाडं अडकलं. तीनसुद्धा नाहीत, दोनच. बघ, माझीही मोजदाद चुकवलीस.

आणि त्यातून तू ते असं वाचावंस? सगळ्या जगाने चुकीचं वाचलं असतं तरी चाललं असतं. तू नको होतास.

लग्नाला नाही म्हणायला तुला सहा महिने लागले होते. कुत्र्याला मात्र एका सकाळीत हो. सत्तरी गाठलीस, जिने चढताना तीन ठिकाणी थांबतोस. तुला काही झालं तर त्याचं कोण करणार, हा विचार कवितेच्या कितव्या ओळीला आला होता? डॉक्टरीणबाईंना फोन कर. आजच.

माझा लोभ आहेच, तुझं लक्ष असू दे.

ताई


दि. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज, गुरुवारी आलं. ते मंगळवारी सकाळी आलं असतं तर!

मंगळवारी दहा वाजता मी खिडकीशी पेपर वाचत होतो. मागे खुर्ची ढकलल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर स्वल्प आडवा, चारही पाय सायकल चालवल्यासारखे, जबडा ताठ, तोंडाला फेस. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता. सोमवारची संध्याकाळची गोळी मी विसरलो होतो, आणि मंगळवारची सकाळचीही. ताकदीची ना ती.

आता जे लिहायचं आहे ते चार वेळा खोडलं. मी थांबलो नाही. दार उघडून बाहेर गेलो आणि जिन्यावर कठडा धरून उभा राहिलो. खालच्या शिंपिणीने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, हवा खातोय. परत आत गेलो तेव्हा तो उठून भिंतीशी डोकं लावून थरथरत उभा होता.

असाच एकदा मी निघून गेलो होतो. कुठून, ते तुला सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, हे सगळं त्यांनी मला पिंजऱ्यापाशी दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली होती. आता ठेवायचा असेल तर तीस तारखेच्या आत फॉर्म भरून हवा. माझं वय बघता दुसऱ्या जबाबदार माणसाचं नाव लागेल, आणि आजार असा की त्या माणसाला त्याचा अनुभव असला तर बरं. त्याच्या घरातल्या कुणाची साक्षीदार म्हणून सही. नाहीतर तीस तारखेला परत.

मला वाटतं, परतच करावा. माझ्यासारख्याजवळ त्याने पडू नये. पण मग तो दाराशी येऊन बसतो, आणि मी पुन्हा खोलीत येरझाऱ्या घालायला लागतो. तोही माझ्यामागे घालतो. दोघांनाही कुठे जायचं ते माहीत नाही.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझा,
कानामात्रा


दि. १६ जून

चि. कानामात्रा,
अ. उ. आ.

तू काढलंस, तर आता होऊन जाऊ दे.

मी बारा वर्षांची, तू आठ. शाळेच्या पटांगणात कवितापाठाची स्पर्धा. मी तिसऱ्या कडव्यावर होते. पुढचं मला आठवत नाही, कारण फिटमधलं काहीच आठवत नसतं. तू पळालास, हे मला आईने सांगितलं. मला आठवतं ते नंतरचं. कानांत आधी आवाज येतात, माणसं मागून येतात. तोंडात मातीची चव होती आणि सभोवती नुसते पाय. त्यांत तुझे ते एक पट्टा तुटलेले सँडल मी शोधत होते. ते नव्हते. राग आहे तो एवढ्याचाच. पळालास त्याचा नाही. आठ वर्षांचं पोर पळणारच.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. मग तू रोज घरी येऊन वर्गात शिकवलेली कविता मला म्हणून दाखवायचास. सगळे म्हणायचे, केवढा गुणी भाऊ. मला कळत होतं तू का म्हणतोस ते. तरी मी ऐकायचे, कारण कविता चांगल्या होत्या.

आता नीट वाच. फिट आली की त्याला धरू नकोस, दाबू नकोस, तोंडात काही घालू नकोस. आजूबाजूची खुर्ची-टेबल सरकव. घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टर. शुद्धीवर येताना हळू आवाजात बोलत राहा. काय बोलतोस त्याला महत्त्व नाही. तू तिथे असायला हवास.

मात्र दुसऱ्या नावाचं मला विचारू नकोस. विचारलं नाहीस हे खरं, पण तुझ्या न विचारण्याला मी ओळखते. ह्यांनाही मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. लग्नानंतर दोनदा आली, ती चक्कर म्हणून खपली. मग गोळीने थांबली. ती गोळी या घरात पित्ताची म्हणूनच ओळखली जाते. आता फॉर्मवर अनुभव आहे असं लिहून सूनबाईपुढे सहीला सरकवू? बावन्न वर्षं सांभाळलेलं एका कुत्र्यापायी उघडं करू? नाही जमायचं.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही तुझेच.

ताई


दि. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी तीन वाजता पुन्हा आली. गोळी एकही चुकलेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळीने कमी होतात, संपतातच असं नाही.

गजराचं घड्याळ आणलं आहे, ते आठाला दोनदा कोकलतं. मधल्या बारा तासांत मी कोकलत नाही एवढंच. तो झोपेत पाय हलवतो तरी मी उभा राहतो. पाणी पिताना थबकला तरी माझा घास थबकतो. पेपर हातात घेतो आणि मथळ्यापुढे जात नाही. माझ्यासारख्या स्वप्नाळूला असं जागं राहायची सवय नाही, ताई. अंग दुखतं.

पण काल मी गेलो नाही. पाय दाराकडे वळले होते, खोटं कशाला बोलू. टेबल सरकवलं, उशी लावली, जमिनीवर बसलो. दोन मिनिटं दहा सेकंद. मग तो उठला आणि मला ओळखेना. माझ्यावर गुरगुरला, खुर्चीला धडकला, कोपऱ्यात गेला. तू सांगितलंस म्हणून बोलायला लागलो. शेकडो कविता पाठ असलेला माणूस मी, पण एक ओळ आठवेल तर शपथ! तोंडातून काय आलं असेल? बाराखडी. क का कि की. ‘झ’पर्यंत आलो तेव्हा तो पुढे सरकला, माझ्या हाताचा वास घेतला आणि तिथेच बसला. तरी मी ‘ज्ञ’पर्यंत गेलो, मध्येच थांबायचं धैर्य नव्हतं.

ताई, सँडलचं मला माहीत नव्हतं. पटांगणापासून घरापर्यंत मी पळत होतो आणि घरी आल्यावर पाणी पिऊन गणितं करत बसलो, एवढं मला आठवतं. माफी मागायला बासष्ट वर्षं उशीर झाला. मागतो.

शिंपिणीला नावाचं विचारलं, तिला जनावराच्या केसांनी शिंका येतात. छापखान्यातला जुना सोबती म्हणाला, तोच कुणाचं तरी दुसरं नाव झाला आहे. फॉर्म सोबत ठेवतो आहे. भरण्यासाठी नाही. माझ्याजवळ राहिला तर मी रोज त्याकडे बघत बसेन आणि आठाची गोळी नवाला देईन. सोमवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला मला त्याला घेऊन जायचं आहे. त्याची वाटी बरोबर द्यावी की नाही, ते कळत नाही.

लोभ असू द्यावा. फार हवा आहे सध्या.

तुझा,
कानामात्रा


दि. २५ जून

चि. कानामात्रा,
अ. उ. आ.

वाटी कुठेही न्यायची नाही. फॉर्म भरून सोबत आहे. शुक्रवारपर्यंत पोचायला हवा, न पोचला तर शनिवारी मला फोन कर, मी डॉक्टरीणबाईंशी बोलेन.

काल दुपारी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. ‘या आजाराचा अनुभव आहे का’ या रकान्यापाशी पेन अडलं. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले, काही काम नव्हतं. मग ‘हो’वर खूण केली आणि पेन खाली ठेवायच्या आत सूनबाईला हाक मारली. नंतर मारली नसती.

तिने फॉर्म वाचला. मी म्हटलं, लहानपणी मला फिट यायची, अजून गोळी चालू आहे, ती पित्ताची नाही. ती म्हणाली, माहीत आहे. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं. औषधांच्या दुकानात नोकरी करणारीला गोळी कसली ते कळणार नाही का, आणि दर महिन्याला ती घरात येते कुठून असं तुम्हाला वाटलं? मी पित्ताची म्हणाले म्हणून तीही एकोणीस वर्षं पित्ताचीच म्हणत आली. सही केली, खाली तारीख घातली, आणि मला उगीचच रागावून म्हणाली की चहा निवतो आहे.

मला हसू आलं की रडू, ते तू प्रूफ तपासून ठरव. ती कामाला गेल्यावर मी घरभर हिंडत राहिले. कपाटं उघडली, बंद केली. एवढं जपलं ते कुणापासून?

तुझी माफी मिळाली. ठेवून घेतली आहे, परत मागू नकोस.

पुढच्या गुरुवारी मी येते आहे, पंधरा दिवसांसाठी. सूनबाई पोचवायला येईल. तुझ्या त्या तांबड्याला माझ्या मांडीवर वगैरे बसवू नकोस, मला कुत्र्यांची भीती वाटते. पण मी असताना त्याला आलीच, तर मला खोलीबाहेर पाठवू नकोस. सगळ्या पटांगणाने माझी पाहिली, आईने पाहिली, तूही पाहिलीस. मी स्वतः कधीच पाहिलेली नाही. मला एकदा बघायची आहे.

लोभ आहे. जिन्यात मला हात द्यायला खाली ये.

ताई