एकेचाळिसावी ओळ

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

प्रिय अवधूतदादा,

हे पत्र बघून तू आधी पाकीट उलटं करून कुणाचं ते बघशील, आणि मग हसशील, की तीनशे अठरा माणसांचे मेल इकडून तिकडे नेणारा सुरज वहीतल्या पानावर पत्र लिहायला लागला. शाल्मलीवहिनींनाही सांग हवं तर, त्याही हसतील. मी मेल तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. पुसायला एक बटण लागतं, तेवढ्यानेच घात होतो. म्हणून हे शाईने लिहितोय. कच्चं एकदा लिहून झालं, हे पक्कं आहे. अक्षर मध्येच वाकडं झालं तर समजून घे.

तुमची तब्येत कशी आहे? वहिनींना आठवा लागला असेल. आईने निपाणीहून फोनवर तीनदा विचारलं, की तुझ्या दादाच्या बायकोचं डोहाळजेवण झालं का, सांगलीला केलं की बेंगळूरला. मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाली, "काय रे, ज्यानं तुला भाकरीला लावलं त्याच्या घरचं तुला माहीत नाही?" मी फोन ठेवून दिला. तुझेही चार फोन आले आणि चारही मी उचलले नाहीत. कामात होतो असं नाही. फोन हातातच होता.

इथे तुझ्या टेबलावर अजून कुणी बसलेलं नाही. खिडकीतून तलाव दिसतो म्हणून दोघं-तिघं नजर ठेवून आहेत. तुझा तो कान तुटलेला चहाचा मग मी माझ्या खणात ठेवलाय. दाराशी वॉचमन कल्लाप्पा रोज विचारतो, "अण्णांचं काय झालं?" त्या सोमवारी तुझं कार्ड दाराला लावून त्याने दोनदा बघितलं, लाल दिवा लागला, आणि तो म्हणाला, "साहेब, कार्ड आगल्ला, होत नाही. स्वल्प थांबा, वर विचारतो." तू हातात डबा घेऊन गेटबाहेर उन्हात उभा होतास. मी वरून काचेतून बघत होतो, बोलणं कल्लाप्पाने नंतर सांगितलं. त्या लाल दिव्याचं कारण मी होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दादा, शपथेवर सांगतो, तेव्हा माहीत नव्हतं.

तुला माझी मुलाखत आठवते? मी फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, डिप्लोमा, अपूर्ण. तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात दोनदा बसून दोनदा नापास. बरोबरच्या मुलांनी सांगितलं होतं, नुसतं डिप्लोमा लिही, कोण बघतंय. माझा हातच वळला नाही. तू तो कागद अभिराज सरांना दाखवलास आणि म्हणालास, "स्वतःबद्दल अपूर्ण लिहिणारा हा पहिलाच आलाय सर, याच्या हातात सर्व्हर देऊ." पहिला महिना मी तुला तुम्ही-तुम्ही करत होतो, तर तू दम दिलास, की पुन्हा तुम्ही म्हणालास तर चहा बंद. याद्या करायला तूच शिकवलंस. काम झाल्याशिवाय खूण करायची नाही, खूण केली की ती खोडायची वेळ यायला नको. माझी वही बघून तू म्हणायचास, हा माणूस श्वास घेतल्यावरही खूण करत असेल.

या कामाची यादी चौसष्ट ओळींची होती. ती तू जाण्याआधी तपासलीस, म्हणून तुला बहुतेक पाठ असेल. तरी सांगतो, म्हणजे वहिनींनाही कळेल. आपला जुना मेल पँट्रीशेजारच्या खोलीतल्या यंत्रात यायचा. आता तो भाड्याच्या जागेत, मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर येतो. शुक्रवारी संध्याकाळी आपण पत्ता बदलला. पण बाहेरच्या सगळ्यांना नवा पत्ता लगेच कळत नाही. काही ठिकाणी दोन-दोन दिवस जुन्याच पत्त्यावर टपाल टाकलं जातं. म्हणून जुनं यंत्र चालू ठेवायचं आणि मंगळवारी त्यात मागे राहिलेलं सगळं शेवटचं झाडून नव्या जागी न्यायचं. ही एकेचाळिसावी ओळ. तिच्यापुढे तू स्वतः पेन्सिलने लिहिलं होतंस, "मंगळवारच्या आधी नाही."

मी ती रविवारी दुपारी बारा वाजता केली.

कारण सांगतो, ते कारण आहे, सबब नाही. अभिराज सरांना सोमवारी सकाळी वरच्यांना रिपोर्ट दाखवायचा होता. ते म्हणाले, "सुरज, रिपोर्ट तू लिही, खाली नावही तुझंच टाक." माझं नाव आजवर कुठल्याच कागदाखाली छापलं गेलं नव्हतं. मेल हलवायच्या त्रेसष्ट ओळींपैकी बासष्ट झाल्या, एक मंगळवारी होईल, असं मी लिहू शकलो असतो. सर काही बोलले नसते. पण त्या कागदावर अपूर्ण हा शब्द मला नको होता. शंभर टक्के हवं होतं. मी रविवारी बारा वाजता यंत्र झाडलं, खूण केली, रिपोर्टात लिहिलं, एकही मेल मागे राहिलेला नाही. आणि खाली माझं नाव. मग बस आणि मेट्रो करून आनंदाने चिकपेटला गेलो, आईला साडी घ्यायला. मोरपंखी रंगाची. दुकानाच्या पावतीवर वेळ छापलीय, चार बावन्न.

तुझ्या मेलवर वेळ आहे चार चाळीस.

पुण्याच्या नव्या कंपनीने तुझं रुजू होणं एप्रिलवर ढकललं आणि तू राजीनामा मागे घ्यायचं ठरवलंस, हे मला सोमवारी कळलं. तुझी नोटिशीची मुदत रविवारी रात्री बाराला संपत होती, आणि एचआरच्या पद्मनाभ सरांचा नियम असा, की मुदत संपायच्या आत मेल त्यांच्या पत्त्यावर पोचला पाहिजे. तुझं कंपनीचं खातं जाणाऱ्यांच्या यादीत होतं, ते मीच शुक्रवारी बंद केलं होतं. म्हणून तू घरच्या खात्यावरून पाठवलास. कल्लाप्पाने तुला वर सोडलं तेव्हा पद्मनाभ सरांनी मलाही बोलावलं. तू फोन पुढे धरून दाखवत होतास, हा बघा सर, पाठवलाय. सर माझ्याकडे वळले, "आपल्याकडे आला का?" मी नव्या जागी शोधलं. दोनदा शोधलं. जुनं यंत्र मी झाडून मोकळं केलं होतं, तिकडे बघायचं सुचलंच नाही. म्हटलं, "नाही आला, सर." सरांनी माझा रिपोर्ट उचलला आणि तुला म्हणाले, "फोनमधली तारीख काय, कोणीही मागेपुढे करतं, मिस्टर अवधूत. आमची सिस्टीम शंभर टक्के आहे." तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मी खाली बघितलं, कारण मला वाटलं, दादा अडचणीत आहे, आणि अडचणीत माणूस खोटंही बोलतो. एक मिनिटभर मला तसं वाटलं. हे मी पत्रात लिहिणार नव्हतो, पण पक्क्यात लिहितोय.

तुम्ही आठवड्यात सर्जापूर रोडचं घर आवरलंत. बाळंतपण इथल्याच हॉस्पिटलात कंपनीच्या विम्यावर ठरलं होतं, वहिनींची डॉक्टरही ठरली होती, ते सगळं सोडून तुम्ही सांगलीला गेलात. सामान चढवताना मी आलो होतो. तू पाळण्याचं खोकं मला धरायला दिलंस आणि म्हणालास, "जाऊ दे रे, मध्येच कुठेतरी हरवला असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम चोख झालंय, मी सगळ्यांना सांगतो." वहिनींनी मला पाणी दिलं.

चौसष्टावी ओळ मेल हलवण्याची नव्हती, मागचं आवरण्याची होती, जुन्या यंत्राची डिस्क पुसणे. ती मी अकरा तारखेला, गेल्या गुरुवारी, करायला घेतली. पुसण्याआधी एकदा उघडून बघायची सवय तूच लावलीस. रविवारी बारानंतर त्यात नऊ मेल आले होते. आठ जाहिराती. एक तुझा. पत्ता बरोबर, तारीख बरोबर, मुदत संपायला सात तास वीस मिनिटं शिल्लक. "मी माझा राजीनामा मागे घेत आहे," आणि खाली तू आभार मानले होतेस. तुझं घरचं खातं ज्या छोट्या मेल कंपनीकडे आहे, तिने तो जुन्याच पत्त्यावर टाकला, आणि आपल्या यंत्राने तो नीट घेऊन ठेवला. अकरा दिवस तो तिथे पडून होता, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर.

दादा, मी तेव्हाच उठून पद्मनाभ सरांकडे जायला हवं होतं. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. आज आठवा दिवस आहे. मला इथून काढलं तर दुसरं कोण घेणार, फॉर्मवर अजून अपूर्णच लिहायचंय. आईला काय सांगू? असा विचार करत बसतो. आणि याहून वाईट सांगतो. पुसायचं बटण दाबलं तर जगात हे एकट्या मला माहीत राहील. रोज ते यंत्र उघडतो, तुझा मेल आहे का बघतो, आणि बंद करतो. अभिराज सर विचारतात, "अरे, ती पेटी कधी जाणार? भंगारवाला तीनदा येऊन गेला." मी सांगतो, "डिस्क फार हळू चालतेय, सर." डिस्क व्यवस्थित चालतेय. भंगारवाला आता सोमवारी अकराला येणार आहे, आणि तोवर डिस्क पुसून द्यायला मला सांगितलंय. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. पहिल्या चार दिवसांत मी दोनदा बटणावर बोट ठेवलं होतं.

म्हणून हे पत्र. सोबत दोन कागद आहेत. एक तुझ्या मेलची छापील प्रत, आपल्या यंत्राने तो कधी घेतला ती वेळ वर आहे, तिच्यात फोनवरून कुणाला काही मागेपुढे करता येत नाही. दुसरं माझ्या वहीतलं पान. मी आता पोस्टात जाऊन हे स्पीड पोस्टने टाकतोय, शनिवारपर्यंत तुला मिळेल. एकदा खिडकीतून आत दिलं की ते मला परत घेता येणार नाही, मला तेच हवंय. सोमवारी दहा वाजता मी डिस्क काढून पद्मनाभ सरांच्या टेबलावर ठेवणार आहे आणि चूक कुणाची ते सांगणार आहे. साडेदहापर्यंत तुला त्यांचा फोन आला नाही, तर समज की मी पुन्हा जिन्यावरून परत आलो. मग माझी वाट बघू नकोस, माझी दयाही करू नकोस, भंगारवाला पोचायच्या आत त्यांना फोन कर आणि या दोन्ही कागदांचे फोटो पाठव. पानावर एकेचाळिसावी ओळ बघ. तुझं पेन्सिलचं अक्षर अजून आहे. त्यापुढची माझी खूण मी आज खोडली आणि तिथे लिहिलंय, अपूर्ण. वहिनींना हे वाचून दाखव.

तुझाच,
सुरज