खांद्यावरचा कापूस

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

परवा टीव्हीवर चिंपांझी दाखवले. म्होरक्याची सत्ता पडायच्या आधी बाकीचे त्याच्या अंगातल्या उवा वेचायचं सोडतात अन् दुसऱ्याच्या अंगातल्या वेचायला लागतात. मी हसलो. बायको म्हणली, "ही तर तुमची ग्रामपंचायतच दिसून राह्यली."

आज पारावर नामदेवनं तंबाखू मळली. माझा सख्खा चुलतभाऊ, पंचायतीत मेंबर. एवढी वर्षं पहिली चिमूट मला, सरपंचाला. आज तळहात सरळ विठ्ठलपुढं धरला, मला नंतर. विसरला असंल? का ठरवून? शुक्रवारी अविश्वास ठराव, तहसीलदार येणार. विठ्ठलनंच आणलाय तो. नामदेवचं मत फिरलं तर मी गेलोच. पण नुसत्या तंबाखूवरून माणूस फुटला असं धरायचं का? तो तळहात डोळ्यापुढून हलत न्हाई.

मंग संध्याकाळी मीच तंबाखू मळून विठ्ठलच्या घरी गेलो. "घ्या विठ्ठलराव." त्यानं चिमूट उचलली. "बसा की सरपंच." नामदेव तिथं आधीच बसलेला.

विठ्ठल शेतातून आल्ता, सदऱ्याच्या खांद्यावर कापूस चिकटलेला. बोलता बोलता तो मी वेचून काढत होतो. कधीपासून, मलाच कळलं न्हाई. नामदेव बघत होता.