हरलीस तर वीज नसेल

प्रिय यारिना,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून खरं सांगतो. आम्ही तुझी मॅच पाहिली.

तुझी पहिलीच मोठी स्पर्धा, म्हणून नीप्रोच्या आपल्या स्वयंपाकघरात शेजारचे ह्नातकाकाही लॅपटॉपसमोर येऊन बसले होते. शेवटच्या सेटमध्ये तू पुढे होतीस. काका माझ्याकडे बोट दाखवत ओरडत होते, "अगं, लहानपणी लेव्कोला मारायचीस तसा फटका मार!" आई म्हणाली, "गप्प बसा हो, वरेनिकी खा."

तेवढ्यात तिकडे स्टेडियमबाहेरून सायरन वाजवत अँब्युलन्स गेली. आणि तू रॅकेट टाकून, डोक्यावर हात घेऊन अंपायरच्या खुर्चीखाली शिरलीस. लोक आधी हसले. मग कोणीच हसेना.

यारिना, मी अजून शॉकमध्येच आहे. इथे हवाई हल्ल्याचा खरा भोंगा वाजला तरी काका चहा संपवूनच तळघरात उतरतात. आणि तू? तू तर स्पेनमध्ये राहतेस. फोनवर म्हणतेस, "मला मस्त झोप लागते, तुम्हीच घाबरट!"

नंतर तुला एकही गेम मिळाला नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "पायात गोळा आला गं आई, म्हणून हरले. पाहिलंत का?"

आई क्षणभरही अडखळली नाही. "कुठलं बाळा! दिवसभर वीज नव्हती."

किती सुटल्यासारखी हसलीस तू! काका तोंडावर हात दाबून बसले होते.

पुढच्या आठवड्यात तू परत खेळणार आहेस. आम्ही सगळे पाहू. जिंकलीस तर ओरडून बिल्डिंग डोक्यावर घेऊ. हरलीस तर इथे वीज नसेल.

तुझा घाबरट भाऊ,
लेव्को